तरवड लावायला सोलापूरला

मे महिन्यात सोलापूरला हौसेने कोणी जात नाही. एखादं लग्न असलं तर नाइलाजाने जातात आणि जेवून संध्याकाळच्या गाडीने परत फिरतात. मी मात्र सहा दिवस राहून आले, तेही बाग लावायला. हे ऐकून माझ्या पुण्यातल्या शेजारणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने एरवी ती फक्त माझ्या नवऱ्याकडे पाहते.

माझा धंदा आधी सांगते. मी घरांभोवतीच्या बागा आखून देते. त्यातही कमी पाण्याच्या आणि देशी झाडांच्या. या विषयावर माझी व्याख्यानं होतात. गारेगार सभागृह, पडद्यावर झाडांची चित्रं, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. व्याख्यान संपलं की अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या खुर्च्यांखाली तशाच पडलेल्या असतात. अशाच एका व्याख्यानाचा व्हिडिओ सोलापूरच्या सुवर्णा बिराजदार यांनी मोबाइलवर पाहिला आणि कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केला.

"मॅडम, तुम्ही या आणि आमच्या ह्यांना सांगा. माझं ऐकत न्हाईत. पुण्याच्या कुणी सांगितलं की ऐकतात."

इतकं खरं आमंत्रण मला आजवर कोणी दिलं नव्हतं. मी बॅग भरली.

बुधवार, होटगी रस्ता

दारातच सुवर्णाताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "काल पाणी आलंय. आंघोळ खुशाल करा." पाहुण्याला आंघोळीची परवानगी मिळाल्याचं मला जरा नवल वाटलं. मग घरात शिरले आणि उलगडा झाला. अंगणातला जमिनीखालचा हौद भरलेला, गच्चीवरची टाकी भरलेली, मोरीतलं पिंप भरलेलं. स्वयंपाकघरात कळशा, पातेली, बाटल्या, आणि ओट्याखाली दोन कुकर, तेही काठोकाठ. माझ्या पुण्याच्या घरी भरलेलं म्हणावं असं एकच भांडं असतं, फ्रिजमधली बाटली. तीसुद्धा रिकामी करणारा भरून ठेवत नाही म्हणून भांडणं होतात.

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. वेळ ठरलेली नाही. "सकाळी येईल, दुपारी येईल, त्याला वाटेल तवा येईल," सुवर्णाताई म्हणाल्या. म्हणजे त्या दिवशी घरात जागतं माणूस हवं, पाइप जोडायला, झाकण काढायला, एक भरलं की दुसरं लावायला. हे घर बांधून अकरा वर्षं झाली आणि ते माणूस अकरा वर्षं सुवर्णाताईच आहेत. त्यांचं माहेर अक्कलकोटजवळ, बसने दीड तास. तिथे आई आहे, तिला त्या अव्वा म्हणतात. त्या सकाळी जातात आणि दिवेलागणीच्या आत परत येतात.

"मुक्काम करून सहा वर्षं झाली असतील," त्या सहज म्हणाल्या. "अव्वा म्हणती, पावणी बाई तरी रात्रभर ऱ्हाती."

यात आता हिरवळीची भर पडायची होती. ती कल्पना घरमालक शिवानंद बिराजदार यांची. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. बाजारपेठेत त्यांचं पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपचं दुकान आहे. मुलगी पल्लवी पुण्याला नोकरी करते. तिचं लग्न जवळजवळ जमलं होतं आणि रविवारी मुलाकडचे घर बघायला येणार होते. ते पुण्याचे, त्यांच्या सोसायटीत मोठं लॉन. अण्णांनी ते लॉन एकदा पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना आपलं अंगण बघवेना.

"पावण्यांनी पाय ठेवला की कसं हिरवंगार दिसलं पायजे," अण्णा म्हणाले. "गालिचा अंथरल्यासारखं."

"आणि रोज पाणी?" मी विचारलं.

"ही हाय की घरात," अण्णा म्हणाले.

सुवर्णाताईंनी माझ्या ताटात आणखी एक कडक भाकरी मोडून ठेवली.

अखेर तह झाला. शनिवार दुपारपर्यंत माझी कमी पाण्याची बाग बागेसारखी दिसली, तर लॉन रद्द. नाही दिसली, तर लॉनच्या गुंडाळ्या घेऊन टेम्पो येणार. तसं त्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं. बाजी कोणाची लागली आहे हे अण्णांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, त्यांची.

संध्याकाळी मी सुवर्णाताईंना माझं आवडतं व्याख्यान दिलं. भांडी धुतलेलं पाणी वाया घालवू नका, ते झाडांना द्या, वगैरे. त्या शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तांदूळ धुतलेल्या पाण्यात मी भाजी धुते. त्यात मग भांडी विसळते. त्यानं फरशी पुसते. तेच पाणी कढीपत्त्याला घालते. पुण्यात ह्याला काय म्हणता?"

पुण्यात याला दोन दिवसांची कार्यशाळा म्हणतात, प्रमाणपत्रासह. पण ते मी सांगितलं नाही.

गुरुवार, नर्सरीत

अंगण अर्ध्या गुंठ्याचं. अण्णांच्या मते त्यात कचरा माजला होता. मला तिथे घबाड सापडलं. पिवळ्या फुलांनी लगडलेला तरवड, पाच झुडपं. एक बोरीचं रोप कमरेएवढं. कोपऱ्यात रुई, आणि तिच्यापुढे वाऱ्यावर डुलणारं कुसळीचं गवत. कोणी न लावता, कोणी पाणी न घालता, सोलापूरच्या मे महिन्यात हे सगळं हिरवं उभं होतं. सोबत गाजरगवत आणि घाणेरीही माजली होती, पण ती उपटली की झालं. अण्णांना मी म्हटलं, तुमची बाग तर लागलेलीच आहे.

अण्णांनी तरवडाकडे बोट दाखवलं. "मॅडम, ह्याच्यासाठी तुमाला पुण्याहून आणलं? हे तर रानात फुकट हाय."

फुकट असलेली गोष्ट पाहुण्यांपुढे ठेवायला माणूस लाजतो, हे मी धंद्यात शिकले आहे. तेव्हा दोन-चार झाडं विकत आणून भर घालावी म्हणून आम्ही नर्सऱ्या पालथ्या घातल्या. सोलापूरच्या नर्सरीत जग नांदतं. बाटलीसारखे फुगलेले पाम, पिवळा ड्युरांटा, रंगीबेरंगी क्रोटन, आणि प्लास्टिकच्या सावलीत धापा टाकणारी नाना देशांची शोभेची झाडं. मी तरवड मागितला तर मालकाने मला नीट न्याहाळलं.

"तरवड? औषधाला पायजे का?"

"लावायला."

"लोक तो काढायला माणूस लावतात, मॅडम. तुमी लावायला मागताय." मग त्याला माझी दया आली असावी. "दगडी बगळा देऊ का? त्याला पाणी लागत न्हाय."

बगळा सिमेंटचा होता, गुलाबी चोचीचा. कमी पाण्याच्या बागेला साजेशी तीच एक वस्तू त्या दुकानात होती, हे कबूल करायला हवं.

रात्रीच्या जेवणाला दही, धपाटे आणि शेंगाचटणी होती. सोलापूरची शेंगाचटणी पुण्यातही मिळते, पण ती नुसतं शेंगदाण्याचं कूट असते. इथली उखळात कुटलेली असते, तिला तेल सुटलेलं असतं आणि ती जिभेला धरून ठेवते. मी तिसऱ्यांदा घेतली आणि त्या भरात नको ते बोलून गेले. देशी-विदेशी झाडांचा विषय चालला होता. मी म्हटलं, तसं पाहिलं तर शेंगदाणाही आपला नाही, तो दक्षिण अमेरिकेतून आला. आणि मिरचीही तिकडचीच.

अण्णांचा घास हातात राहिला. मी त्यांच्या कुळाचं काही वाईट बोलले असते तर त्यांनी पाहुणी म्हणून पोटात घातलं असतं. पण शेंगा परदेशी?

"लसूण तरी आपला हाय का?" त्यांनी विचारलं.

मला नक्की ठाऊक होतं असं नाही, पण मी हो म्हटलं. घरात आणखी चार दिवस राहायचं होतं.

शुक्रवार, उजनीच्या काठाला

सकाळी सकाळी मी कामाला लागले. अंगण साफ करायला अण्णांनी नागनाथला बोलावलं होतं. माळी मिळेना, म्हणून ओळखीतला माणूस. नागनाथचा खरा धंदा घरांचे पाये खोदण्याचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हातात पहार आणि डोक्याला पांढरं फडकं. त्याच्याकडे फक्कीची पिशवी होती, जमिनीवर खुणा आखायची पांढरी पूड. मला ती फार सोयीची वाटली. जी झाडं वाचवायची त्यांच्याभोवती मी फक्कीची सुबक वर्तुळं काढली. पाच तरवड, एक बोर, एक कुसळीचा पुंजका; रुई कोपऱ्यात होती, तिला धक्का लागणार नव्हता. सात वर्तुळं. नागनाथला जवळ बोलावून सांगितलं, "हे फक्कीच्या आतलं फार महत्त्वाचं आहे. नीट लक्ष ठेवून काम करा."

"व्हय, मॅडम," तो म्हणाला. "काय बी काळजी करू नका."

मी काळजी केली नाही. अण्णा उजनीच्या काठाला एका गिऱ्हाइकाची मोटार पोचवायला निघाले होते आणि मला म्हणाले, चला, पाणी बघून घ्या. सोलापूर जे पाणी पितं ते उजनी धरणातून येतं. टेंभुर्णीला चहा पिऊन आम्ही आत वळलो. दोन्ही बाजूंनी ऊस आणि केळी, इतकी दाट की गाडीला ओली सावली लागली. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरातून मी तीन तासांत विषुववृत्तावर पोचले होते.

पुढे धरणाचं पाणी दिसलं. उन्हाळ्यामुळे ते बरंच मागे हटलं होतं, मधे भेगाळलेला चिखल, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. आणि काठावर मोटारी. लहान, मोठ्या, गंजलेल्या, नव्या, ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीचा काळा पाइप पाण्यात उतरलेला. ओळीचं दुसरं टोक मला दिसेना. सगळ्या मिळून जो घुमणारा आवाज येत होता, त्यात बोलायला ओरडावं लागत होतं.

"ह्यातल्या निम्म्या माझ्या," अण्णा ओरडून म्हणाले. आवाजात अभिमान होता. "पाणी मागं गेलं की पाइप लांब लागतो. दरसाल लांब लागतो."

गिऱ्हाईक पोपटराव. त्यांच्या घरी जेवायचा आग्रह झाला. अण्णा लिंगायत, मासळीला शिवत नाहीत, त्यांनी केळी आणि दूध घेतलं. मला तळलेली चिलापी वाढली. कुरकुरीत, वर तिखट चुरचुरीत मसाला. हा मासा मूळचा आफ्रिकेचा आहे हे मला माहीत होतं. या वेळी मी तोंड फक्त खायला उघडलं.

जेवताना मी माझा मुद्दा काढलाच. शहरात बायका बादलीबादलीचा हिशोब करतात आणि इथे एवढा ऊस, असं काहीसं बोलले. मला वाटलं पोपटराव वरमतील.

"ताई, तितं बगा," पोपटराव पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले. "त्या झाडाच्या शेंड्याच्या म्होरं आमचं गाव हुतं. देऊळ, तालीम, आज्याची बारा एकर काळी. समदं पान्याखाली हाय. मग पानी कुणाचं?"

माझ्या व्याख्यानात या पाण्याखालच्या गावाचं चित्र नसतं. परत येताना गाडीत मला एक गोष्ट कळली. बादली वाचवणाऱ्या बाईला मी आणखी बादली कशी वाचवायची ते शिकवायला आले होते, कारण तिला शिकवणं सोपं होतं. ती ऐकून घेते. काठावरच्या मोटारी ऐकून घेत नाहीत आणि त्यांचा मालक चिलापी वाढतो.

संध्याकाळी आम्ही फाटकातून आत शिरलो आणि मी जागच्या जागी थांबले.

अंगणात सात खड्डे होते. गोल, सुबक, गुडघाभर खोल, कडा ओळंब्याने मारल्यासारख्या सरळ. तरवड, बोर, कुसळी यांचा एक ढीग फाटकाजवळ वाळत पडला होता. आणि गाजरगवत जागच्या जागी उभं होतं. घाणेरीही. नागनाथने त्यांना धक्काही लावला नव्हता. खड्ड्यांच्या कडेने चालताना त्यांच्यावर पाय पडू नये याचीसुद्धा काळजी घेतलेली दिसत होती.

"अहो, हे काय केलंत?" माझा आवाज चिरका झाला.

"खोदलं की. फक्की मारली तितंच खोदलं."

"मी म्हटलं होतं ना, फक्कीच्या आतलं महत्त्वाचं आहे!"

"महत्त्वाचं हाय म्हनूनच आदी त्येच घेतलं," नागनाथ म्हणाला. तो खरोखर गोंधळला होता. "मॅडम, तीस वर्सं झाली. फक्की मारली म्हंजी हितं खोदायचं. ऱ्हाऊ द्यायचं आसंल तर कोन फक्की मारतंय?"

बरोबर होतं त्याचं. साऱ्या महाराष्ट्रात पाया खोदणाऱ्या माणसाला कोणी फक्कीने हे सांगितलं नसेल की इथे काही करू नकोस. ती अक्कल माझ्या एकटीची. अण्णांनी सातही खड्ड्यांत वाकून पाहिलं, खिशातून फोन काढला आणि लॉनवाल्याला सांगितलं, "पाठव उद्या."

मग बायकोकडे वळून म्हणाले, "आता वाद नको. सकाळ-संध्याकाळ पाइप धरायचा, झालं. तू घरातच तर असतीस."

मला त्या माणसाचा राग आला. त्याहून माझा स्वतःचा आला. सुवर्णाताईंनी ओंजळभर तरवडाची फुलं ढिगातून वेचून घेतली, देवघरात ठेवली आणि स्वयंपाकाला लागल्या.

शनिवार, पाण्याचा दिवस

सकाळी उठले तर सुवर्णाताई साडी बदलून तयार, हातात कापडी पिशवी.

"अक्कलकोटला निघाले," त्या म्हणाल्या. "उद्या अकराच्या आत येते. हुग्गीचा गहू भिजत घातलाय."

"आज?" अण्णा पेपर बाजूला ठेवून म्हणाले. "आज पाणी यायचंय!"

"व्हय. तुम्ही हायसा की घरात." आणि त्यांनी आपला मोबाइल अण्णांच्या हातात दिला. त्यात गल्लीचा ग्रुप होता, पाणी सुटलं की त्यावर येतं. अण्णांचा फोन त्यांनी आपल्या पिशवीत टाकला. दार न वाजवता, आवाज न चढवता त्या निघून गेल्या.

अण्णांनी दुकान बंद ठेवलं. दहा वेळा ग्रुप पाहिला. त्यावर सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचे उपाय होते. बारा वाजले. ऊन असं की कावळासुद्धा भिंतीच्या सावलीत चालत होता. अण्णांना आंघोळ करावी की नाही ठरवता येईना. जेवायला बसावं तर पाणी येईल, झोपावं तर येईल. दीड वाजता ते मला म्हणाले, "ही करते काय दिवसभर?"

"हेच," मी म्हटलं.

पावणेदोनला नळ फुसफुसला. अण्णा धावले, पाइप लावला, हौदाचं झाकण काढलं. पेन्सिलीएवढी धार आली. तेवढ्यात गल्लीत एक घरघर सुरू झाली. मग दुसरी. मग डावीकडून, मागून, समोरून. धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी.

अण्णा कान देऊन ऐकत होते. प्रत्येक आवाज त्यांच्या ओळखीचा होता. "ही कुलकर्ण्यांची अर्धा एचपीची," ते म्हणाले. "ही मागच्या मास्तरांची. ही एक एचपीची, ती तर मागच्याच महिन्यात दिली. आपल्या गल्लीला सवलतीत लावल्यात सगळ्या." सुरुवातीला बोलताना त्यांचा चेहरा दुकानातला होता. मोटारी मोजता मोजता तो उतरत गेला. गल्लीतलं प्रत्येक घर अण्णांनी विकलेल्या मोटारीने अण्णांच्याच नळातलं पाणी ओढत होतं.

"आपल्याला का नाही मोटार?" मी विचारलं.

"हिनं लावू दिली न्हाई. म्हणती, शेजारणीचं ओढून आपण प्यायचं का." ते धारेकडे बघत म्हणाले. "मला वाटायचं, हिला वेळ लागतो, कारण ही सावकाश करते."

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो लागला. मागे हिरव्या गुंडाळ्या, ओल्या गोणपाटात. ड्रायव्हर उतरला. "अंथरलं की लगीच भिजवायचं, मालक. पार चिखल हुईस्तोवर. सांच्याला परत, सकाळी परत. ह्या उनात येक टाइम चुकला की पिवळं पडतंय."

साडेतीनला पाणी गेलं. अण्णांनी हौदात काठी बुडवून पाहिली. निम्मा. दुसऱ्या दिवशी नऊ पाहुणे जेवायला, आणि पुढचं पाणी परत चार-पाच दिवसांनी. अण्णांनी काठीकडे पाहिलं, मग गुंडाळ्यांकडे. शेवटी त्यांनी बायकोला फोन लावला, म्हणजे स्वतःच्याच नंबरवर. मी शेजारीच होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"अगं, अर्धाच हौद झालाय. उद्याला पुरेल का?"

सुवर्णाताईंचा आवाज झोपेतून उठल्यासारखा जड होता. भर दुपारी त्या आडव्या झाल्या होत्या. "लॉनला घालून, का न घालता?"

अण्णांनी फोन ठेवला आणि टेम्पोवाल्याला हाताने गाडी वळवायची खूण केली. माझ्या एकाही व्याख्यानाने हे साधलं नसतं.

उरला प्रश्न खड्ड्यांचा. संध्याकाळी नागनाथ आपणहून आला, ओशाळलेला, कमरेला बांधलेल्या फडक्यात तरवडाच्या वाळक्या शेंगा. माळावरून आणल्या होत्या. मी म्हटलं, खड्डे भरून टाका.

"भराचं कशाला?" तो म्हणाला. "मदी दगड टाकतो, कडंनं बी टाकतो. पावसाचं पानी हितं मुरंल, त्येच्यावर झाड यील. तरवड लावावा लागत न्हाय, मॅडम. आपसूक येतो. तुमी फकस्त त्येला येऊ द्या."

त्याने काम सुरू केलं. मी आणि अण्णांनी गाजरगवत उपटलं. पुण्याहून मागवलेली तज्ज्ञ बाई, चुलतभावाच्या लग्नात वाढायला धरतात तशी हाताखाली धरली गेली होती.

रविवार, पाहुणे

सुवर्णाताई साडेदहाला आल्या. रात्रभर झोपून आल्याचं तोंडावर दिसत होतं. हौद पाहिला, खड्डे पाहिले, आणि हुग्गी, इथली गव्हाची खीर, शिजायला टाकली.

मुलाकडचे दुपारी आले. पल्लवीही त्यांच्याच गाडीतून आली. मुलाच्या वडिलांनी अंगणातच विचारलं, हे खड्डे कसले?

"पावसाचं पाणी मुरवायला," अण्णा छाती काढून म्हणाले. "भोवती देशी झाडं येणार. पुण्याच्या मॅडमनी डिझाइन केलंय."

सगळे माझ्याकडे वळले. नागनाथ फाटकाशी उभा होता. मी मान डोलवली. लाज वाटली, पण इतकी नाही की तोंड उघडावं. त्या खड्ड्यांचे फोटो आता माझ्या व्याख्यानात आहेत.

हुग्गीवर तूप वाढता वाढता मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडे मात्र मोठ्ठं लॉन आहे हं. संध्याकाळी इतकं छान वाटतं."

"पाणी कुठनं येतं त्याला?" सुवर्णाताईंनी विचारलं.

"उन्हाळ्यात टँकर मागवतो की. त्यांना फोन करायचा, आले की उभं राहून भरून घ्यायचं. तेवढं घरातल्या कुणीतरी बघावं लागतं." त्या पल्लवीकडे बघून कौतुकाने हसल्या.

सुवर्णाताईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. "आमची पल्लवी उभी राहणार न्हाई. आधीच सांगून ठेवते."

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. पल्लवी हसली नाही, आईकडे बघत राहिली. मग मुलगा म्हणाला, "मी बघेन की." त्याच्या आईने त्याच्याकडे असं पाहिलं की मला लग्न मोडतंय की काय अशी धास्ती पडली. पण मोडलं नाही. तारीख धरायचं ठरलं.

सोमवार, बसस्टँड

मला पुण्याची गाडी धरायची होती. सुवर्णाताईही निघाल्या, परत अक्कलकोटला, या वेळी तीन रात्रींसाठी. अण्णा फाटकापर्यंत आले. या वेळी आपला फोन त्यांनी आपल्याच खिशात ठेवला होता आणि गल्लीच्या ग्रुपमध्ये स्वतःचं नाव घालून घेतलं होतं.

रिक्षात सुवर्णाताईंनी मला विचारलं, "तुमच्या घरी पाणी रोज येतं?"

"रोज."

"भरतं कोण?"

"कोणी नाही. टाकी आपोआप भरते."

"मग तुम्हाला ठाऊक तरी कसं, कमी पाण्यात काय जगतं?" त्यांनी हे अगदी साध्या कुतूहलाने विचारलं होतं. मी म्हटलं, पुस्तकातून. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

अक्कलकोटची बस लागलेली होती. आम्ही दोघी आत जाऊन बसलो, माझ्या गाडीला वेळ होता. सुवर्णाताईंनी खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली, आणि त्यांचा फोन वाजला. अण्णांचा आवाज मलाही ऐकू आला, सगळ्या बसलाच आला.

"अगं, पाणी आलं! मधेच सोडलंय, ग्रुपवर आत्ता आलं. कुठपर्यंत पोचलीस? मागं फिरता येईल का?"

सुवर्णाताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ड्रायव्हर टपरीवर बशीत चहा ओतून घेत होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

"बस सुटली, अहो," त्या म्हणाल्या.